योहानाच्या शुभवर्तमानातलं पाणी, भाकर आणि रक्त : पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी

माझं माहेर नगर जिल्ह्यातलं, मिशनच्या गावातलं. सासर वसईचं. माहेरी बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेणं) हे दोनच विधी, सासरी आले तर सात संस्कार. लग्नानंतर काही वर्षांनी उपवासकाळात (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत) आमच्या वाचनगटात योहानाच्या शुभवर्तमानावर, म्हणजे नव्या करारातल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकावर, बोलायची पाळी माझ्यावर आली. मी निळी पेन्सिल घेतली आणि जिथे पाणी दिसेल तिथे रेघ ओढून शेजारी 'बाप्तिस्मा' लिहीत गेले. भाकर दिसली की 'प्रभुभोजन'. गटात एक आजी होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "बाय, येशू पाण्यावरून चालला, तोही बाप्तिस्माच का?" मला उत्तर देता आलं नाही.

त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात माझे चार उपवासकाळ गेले. तुमचे तेवढे जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही ख्रिस्ती असा किंवा नुसत्या कुतूहलाने नवा करार उघडलेला असो, पायऱ्या त्याच आहेत.

आधी जवळ काय हवं

- संपूर्ण पवित्रशास्त्र. नुसता नवा करार पुरत नाही. निम्मी चिन्हं जुन्या करारातून आलेली आहेत.
- दोन वेगळी मराठी भाषांतरं. एकात 'भाकर' आणि दुसऱ्यात 'भाकरी' किंवा 'पाव' दिसला की आपण थांबून विचार करतो.
- शब्दसूची. फोनवरच्या बायबल ॲपमधला शोधही चालतो.
- दोन रंगांच्या पेन्सिली. कशासाठी, ते पाचव्या पायरीत सांगते.
- 'डिडाखे' नावाची, सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांसाठी लिहिलेली सूचनांची छोटी पुस्तिका. पहिल्या शतकाच्या अखेरची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची मानली जाते. इंग्रजीत सहज मिळते, तासाभरात वाचून होते.

ग्रीक येत नसेल तर काही अडत नाही. मलाही येत नाही. चार-पाच शब्द लागतात, ते इथेच देते.

१. शब्दांचा गोंधळ आधी मिटवा

कॅथलिक घरात 'संस्कार', प्रॉटेस्टंट घरात 'विधी', इंग्रजी पुस्तकात 'सॅक्रामेंट'. यांतला कुठलाही शब्द या अर्थाने नव्या करारात नाही. लॅटिन 'साक्रामेंतुम' म्हणजे मुळात रोमन सैनिकाने घ्यायची शपथ. ग्रीकमधल्या 'मुस्तेरिऑन' (रहस्य) या शब्दासाठी लॅटिन ख्रिस्ती तो वापरू लागले. पण नव्या करारात 'मुस्तेरिऑन' हा शब्द बाप्तिस्म्यासाठीही येत नाही आणि प्रभुभोजनासाठीही नाही. इफिसकरांस पत्रात (५:३२, म्हणजे पाचवा अध्याय, बत्तिसावं वचन) पतिपत्नीच्या नात्याबद्दल बोलताना तो येतो.

म्हणून "योहानात किती संस्कार आहेत?" असं विचारत बसू नका. तो हिशेब पुढच्या शतकांतला आहे. योहान लिहीत होता तेव्हा पाण्यात उतरणारी आणि एका ताटातली भाकर मोडणारी माणसं होती, त्या कृतींवर चढलेली नावं नव्हती. आधी कृतीकडे बघा. हे एवढं पाळलंत तरी गटातली निम्मी भांडणं होणार नाहीत.

२. खात्रीच्या जागांवरून सुरुवात करा

मी थेट योहान उघडला, ही माझी पहिली चूक. योहान सुचवतो, उघड सांगत नाही. आधी ते उतारे वाचा जिथे लेखक स्वतःच म्हणतो की मी बाप्तिस्म्याबद्दल किंवा भोजनाबद्दल बोलतो आहे:

- रोमकरांस ६:३-४. बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं. इथे पाणी धुणारं नाही, ती कबर आहे.
- गलतीकरांस ३:२७. बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताला अंगात घालणं, वस्त्रासारखं.
- १ करिंथ १०:१-४. तांबड्या समुद्रातून पार झालेले लोक 'मेघात व समुद्रात' बाप्तिस्मा पावले, आणि ज्या खडकातून ते प्याले तो खडक ख्रिस्त होता.
- १ करिंथ ११:२३-२६. शेवटच्या भोजनाचा आपल्या हातात असलेला सर्वांत जुना लेखी वृत्तांत. हे पत्र साधारण इ. स. ५४ च्या आसपासचं, म्हणजे चारही शुभवर्तमानांच्या आधीचं.
- १ पेत्र ३:२०-२१. नोहाच्या तारवात आठ जण वाचले, ते पाणी बाप्तिस्म्याचं पूर्वचित्र.

हे पाच उतारे एका बैठकीत होतात. एकच पाणी कुठे कबर होतं, कुठे वाट, कुठे प्रलय. 'पाणी म्हणजे शुद्धी' हे एवढंच समीकरण घेऊन योहानाकडे गेलात तर हाती फार थोडं लागेल.

३. पाणी आधी पाणीच राहू द्या

ही पायरी मला सगळ्यांत उशिरा कळली, आणि आता मी हीच सगळ्यांत जास्त सांगते. वस्तू डोळ्यांसमोर उभी राहिल्याशिवाय तिचा अर्थ काढायला धावू नका.

काना गावचं लग्न घ्या (योहान २). सहा दगडी रांजण, प्रत्येकात दोन-तीन 'मेत्रेतेस' पाणी मावणारे. एक मेत्रेतेस म्हणजे साधारण ३९ लिटर. हिशेब करा: सगळे मिळून पावणेपाचशे ते सातशे लिटर. हे पाणी काठोकाठ भरलं ते नोकरांनी. आणि रांजण होते यहूद्यांच्या शुद्धीकरणाच्या रीतीसाठी, हे योहान मुद्दाम सांगतो. हे सगळं पाहिल्यावर 'पाण्याचा द्राक्षारस झाला' याचं वजन कळतं.

दुसरं उदाहरण शोमरोनी (समारिया प्रांतातल्या) स्त्रीचं: विहिरीपाशी येशू तिला 'जिवंत पाणी' देऊ करतो (योहान ४). 'जिवंत पाणी' हा शब्द आपल्याला लगेच आध्यात्मिक वाटतो. पण त्या काळी त्याचा रोजचा अर्थ 'वाहतं पाणी' असा होता: झऱ्याचं, ओढ्याचं, साठवलेलं नव्हे. म्हणून ती बाई गोंधळते. विहीर खोल, जवळ पोहरा नाही, मग वाहतं पाणी कुठून देणार? तिचा प्रश्न अगदी रास्त आहे. मूळ ग्रीकमध्ये या कथेत दोन शब्द आहेत: एक झऱ्यासाठी (४:६ आणि ४:१४), दुसरा खणलेल्या विहिरीसाठी (४:११-१२). दुष्काळी गावात वाढलेल्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. माझ्या माहेरी उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसायचा, आणि कुठे झरा लागला तर ती बातमी गावभर व्हायची.

आता डिडाखेचा सातवा अध्याय उघडा. बाप्तिस्मा कसा द्यावा? 'जिवंत पाण्यात'. तसं नसेल तर दुसऱ्या पाण्यात. थंड नसेल तर कोमट चालेल. तेही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. केवढ्या साध्या, घरगुती सूचना! 'जिवंत पाणी' हा शब्द जुन्या मंडळीच्या (ख्रिस्ती समुदायाच्या) वापरातला होता. योहानाचे पहिले श्रोते तो ऐकताना नदीकाठी उभे असतील, असं मला वाटतं.

४. मराठी शब्द कुठे साथ देतो, कुठे चकवतो

'वल्हांडण' (यहूद्यांचा सण) हा शब्द साथ देतो. त्यात ओलांडणं सरळ ऐकू येतं: रक्ताची खूण असलेली दारं ओलांडून मृत्यू पुढे गेला (निर्गम १२). योहान हा धागा सोडत नाही. सुरुवातीलाच 'देवाचा कोकरा' (१:२९). वधस्तंभाची वेळ वल्हांडणाच्या तयारीच्या दिवसाची, दुपारची (१९:१४). आंबेत (आंबट द्राक्षारसात) बुडवलेला स्पंज एजोब नावाच्या झुडपाच्या काडीवर (१९:२९), आणि निर्गमात दाराच्या चौकटीला रक्त लावायला एजोबाचीच जुडी आहे. शेवटी, त्याचं हाड मोडलं नाही (१९:३६), जसं कोकऱ्याचं मोडायचं नव्हतं (निर्गम १२:४६). एजोब पाहिल्याशिवाय कोकरा पुरता दिसत नाही, म्हणून जुना करार शेजारी हवा.

'भाकर' साथही देतो आणि चकवतोही. 'आमची रोजची भाकर' म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर तव्यावरची ज्वारीची भाकरी येते, आणि ते योग्यच आहे. रोजचं, पोटाचं, गरिबाचं अन्न. पण आपली भाकरी मुळात खमीर न घालताच थापतात. त्यामुळे 'बेखमीर भाकर' यात वेगळं काय, हे मराठी वाचकाला कळत नाही. त्यांची रोजची भाकर आंबवून फुगवलेली असायची. वल्हांडणात ती फुगायला वेळच नव्हता, घाईने निघायचं होतं. ही घाई ध्यानात ठेवा.

'द्राक्षारस' सरळ चकवतो. तो द्राक्षांचा ताजा रस नव्हे, आंबवलेली वाइन आहे. कानाच्या लग्नातला भोजनकारभारी म्हणतो की लोक चांगला द्राक्षारस आधी देतात आणि सगळे भरपूर प्याल्यावर हलका काढतात. ताज्या रसाबद्दल कुणी असं बोलणार नाही.

५. तीन प्रश्न, दोन पेन्सिली

आता आजींच्या प्रश्नाकडे. एखाद्या प्रसंगात बाप्तिस्मा किंवा प्रभुभोजन सुचवलं आहे का, हे ठरवायला मी तीन प्रश्न विचारते.

पहिला: मजकुरातच जवळपास काही खूण आहे का? 
दुसरा: जुन्या करारातला एखादा धागा ओढलेला दिसतो का? 
तिसरा: पहिल्या दोन-तीन शतकांतल्या ख्रिस्ती लोकांनी तो प्रसंग तसा ऐकला का? त्यांच्या लिखाणात, भिंतीवरच्या चित्रांत?

पहिल्या दोन प्रश्नांना होकार आला तर निळी पेन्सिल. फक्त तिसऱ्याला आला तर लाल. निळं म्हणजे लेखकाने ठेवलेलं, लाल म्हणजे मंडळीने नंतर ऐकलेलं. दोन्ही मोलाचं आहे, पण सरमिसळ करू नका.

करून बघू. रात्री भेटायला आलेल्या निकदेमाला येशूने सांगितलेला 'पाण्यापासून व आत्म्यापासून' जन्म (३:५): त्याच अध्यायात पुढे येशू आणि बाप्तिस्मा देणारा योहान (शुभवर्तमान लिहिणारा नव्हे) दोघांकडेही बाप्तिस्मे चाललेत, एनोनजवळ पाणी मुबलक होतं असंही सांगितलंय. निळी.

जन्मांध माणूस आणि शिलोहाचं तळं (अध्याय ९): तो जाऊन धुतो आणि डोळस होऊन येतो. 'शिलोह म्हणजे पाठवलेला' हा अर्थ योहान स्वतः थांबून सांगतो, आणि या शुभवर्तमानात पित्याने पाठवलेला कोण, हे तोपर्यंत वाचकाला पाठ झालेलं असतं. इ. स. १५५ च्या सुमारास रोममध्ये लिहिणारा ख्रिस्ती लेखक जस्टिन बाप्तिस्म्याला 'प्रकाशन' म्हणतो, उजेड मिळणं. इथे निळी आणि लाल दोन्ही.

बेथेस्दाचं तळं (अध्याय ५): इथे मी चुकले होते. तळं आहे, पण तो आजारी माणूस पाण्यात उतरतच नाही. येशूच्या शब्दाने बरा होतो. पाणी हलवणाऱ्या देवदूताचं वचन सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही. तरी साधारण इ. स. २०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने या तळ्याचा संबंध बाप्तिस्म्याशी जोडला. म्हणजे फक्त लाल.

आणि पाण्यावरून चालणं? योहान ६ मध्ये बाप्तिस्म्याची खूण मला सापडली नाही. मी ते 'नाही'त टाकलं होतं. मग दुरा-युरोपसबद्दल वाचलं. सीरियात, युफ्रेटिसच्या काठी, रोमन सरहद्दीवरचं हे गाव. तिथल्या एका राहत्या घरात इ. स. २४० च्या दशकात फेरबदल करून प्रार्थनाघर केलं होतं. २५६ च्या सुमारास इराणच्या ससानी फौजेने गाव घेतलं. त्याआधी वेढ्यात तटबंदी मजबूत करायला आतून मातीचा भराव घातला, आणि त्या भरावाखाली हे घर टिकून राहिलं. त्यात बाप्तिस्म्याची एक लहानशी खोली आहे, एका टोकाला कुंड, भिंतींवर चित्रं. मेंढरू खांद्यावर घेतलेला मेंढपाळ. विहिरीशी वाकलेली एक स्त्री. तिला बरेच जण शोमरोनी स्त्री मानतात. बाज उचलून चाललेला बरा झालेला माणूस. आणि त्याच्या शेजारी एक होडी, शिष्य, आणि पाण्यावर येशू आणि पेत्र. ही चित्रं आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात आहेत, मी फक्त छायाचित्रांत पाहिली.

पेत्राचं पाण्यावर येणं मत्तयातलं आहे (अध्याय १४), योहानात नाही. पण कुंडात उतरायला आलेल्या माणसासमोर कुणीतरी मुद्दाम ते चित्र काढलं: बुडू लागलेला माणूस आणि त्याला धरणारा हात. आजींचा प्रश्न सतराशेहून अधिक वर्षांपूर्वी त्या खोलीत कुणाच्या तरी मनात होता, आणि त्यांनी होय म्हटलं होतं. मी जाऊन आजींना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "बघ, मी म्हणत होते." माझ्या पुस्तकात तिथे आता लाल रेघ आहे.

६. सहाव्या अध्यायाला एक पूर्ण आठवडा द्या

बाकी अध्याय एकदा वाचून पुढे गेलात तरी चालेल, पण इथे घाई करू नका.

पहिल्या दिवशी फक्त १ ते १५ वचनं. वल्हांडण जवळ आहे (६:४). भाकरी जवाच्या आहेत. हे चारांपैकी फक्त योहान सांगतो. जव हे गरिबाचं धान्य, आणि अलीशा संदेष्ट्याने शंभर जणांना जेवू घातलं तेही जवाच्याच भाकरींवर (२ राजे ४:४२-४४). येशू उपकार मानून भाकर वाटतो. मग 'काही फुकट जाऊ नये' म्हणून तुकडे गोळा करायला सांगतो. आता डिडाखेचा नववा अध्याय काढा. तिथली भोजनाची प्रार्थना म्हणते की ही मोडलेली भाकर जशी डोंगरांवर विखुरलेली होती आणि गोळा होऊन एक झाली, तशी तुझी मंडळी गोळा होवो. 'तुकडा' आणि 'गोळा करणं' यांसाठी ग्रीकमध्ये दोन्हीकडे तेच शब्द आहेत. बारा टोपल्यांकडे मी याआधी नुसता चमत्काराचा पुरावा म्हणून बघत होते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कफर्णहूम गावातलं येशूचं संभाषण. ३५ व्या वचनात 'जीवनाची भाकर' खाण्याचा अर्थ आहे येणं आणि विश्वास ठेवणं. ५१ पासून सूर बदलतो: भाकर म्हणजे माझा देह. ऐकणारे आपसांत वाद घालतात. आणि ५४ पासून ग्रीकमध्ये 'खाणं' या क्रियापदाची जागा दुसरं क्रियापद घेतं: 'त्रोगो', चावणं, कुरतडून खाणं. लोक बिचकले म्हणून शब्द सौम्य झाला नाही, उलट दातांपर्यंत आला. मी पाहिलेल्या मराठी भाषांतरांत दोन्हीकडे 'खातो' असल्याने हे निसटतं. समासात स्वतः लिहून ठेवा.

मग ६३: देहापासून काही लाभ नाही, आत्मा जिवंत करतो. इथे माझं माहेर आणि सासर एकमेकांना भिडतात. माहेरचे पाळकसाहेब ३५ आणि ६३ वर बोट ठेवायचे, वसईचे फादर ५४ वर. अभ्यासकांतही हेच. जर्मन अभ्यासक बुल्टमान यांच्या मते ५१ च्या उत्तरार्धापासून ५८ पर्यंतचा भाग नंतरच्या संपादकाने घातला. कुलमान यांना मात्र या शुभवर्तमानात ठिकठिकाणी उपासनेचे संदर्भ दिसले. माझं मत विचाराल तर ३५ आणि ५४ यांतलं एक वचन निवडायला योहान सांगतच नाही. त्याने दोन्ही एकाच तोंडून, एकाच सभास्थानात वदवली आहेत.

चौथ्या दिवशी तेरावा अध्याय. शेवटची रात्र, भोजन चालू आहे, आणि 'हे माझं शरीर' हे शब्दच नाहीत. त्या जागी कमरेला रुमाल बांधून पाय धुणं आहे. इतर तीन शुभवर्तमानांत भोजन जिथे आहे तिथे योहानाने तांब्या-घंगाळ ठेवलं आहे. हे जुळवून बघायला उरलेले दिवस घ्या.

७. नवखे नेमके कुठे अडखळतात

संख्यांच्या मागे लागू नका. २१ व्या अध्यायात १५३ मासे आहेत. त्यावर शतकानुशतकं गणितं मांडली गेली, आणि माझीही एक संध्याकाळ त्यात गेली. त्याच किनाऱ्यावर निखारे, भाकर आणि मासळी घेऊन कुणीतरी न्याहारीला बोलावतो आहे. त्याच्याकडे बघा.

'हे फक्त चिन्ह आहे' असं म्हणू नका. योहान चमत्कारांना 'चिन्हं' म्हणतो, पण त्याच्याकडे 'फक्त' हा शब्द नाही. आंधळ्याला खरोखर दिसतं, पाच हजार खरोखर जेवतात.

यहूदी रीतींना 'जुनं, रिकामं' ठरवून वाचू नका. वल्हांडण, मान्ना (रानात आकाशातून मिळालेलं अन्न), शुद्धीचं पाणी हे सगळं त्यांच्या घरातलं आहे. ते काढून घेतलंत तर योहानाच्या हातात एकही चिन्ह उरत नाही.

८. शेवटी १९:३४

भाला कुशीत शिरतो आणि 'लगेच रक्त व पाणी' बाहेर येतं. योहान लागलीच सांगतो की ज्याने पाहिलं त्याने साक्ष दिली आहे आणि ती खरी आहे. असं जोर देऊन तो क्वचितच बोलतो. आता मागे जा: ७:३८-३९, जिवंत पाण्याच्या नद्या. ६:५४, रक्त पिणं. ३:५, पाण्यापासून जन्म. मग योहानाच्या पहिल्या पत्रात ५:६-८, आत्मा, पाणी आणि रक्त. ही वचनं एका कागदावर एकाखाली एक लिहा आणि मोठ्याने वाचा.

आणखी एक करा. कॅथलिक मिस्सेत अर्पणाच्या वेळी फादर प्याल्यात द्राक्षारस ओततात आणि त्यात पाण्याचे एक-दोन थेंब घालतात. माहेरी मी हे कधी पाहिलं नव्हतं. वसईत पहिल्या रविवारी पुढच्या बाकावर बसले होते म्हणून दिसलं. काचेची दोन लहान भांडी, एक लाल, एक पारदर्शक. त्या काळी जेवताना द्राक्षारसात पाणी मिसळूनच पीत, ती साधी रीत होती. जस्टिनच्या वर्णनातही पाणी मिसळलेलाच प्याला आहे. पुढे तिसऱ्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी लिहिलं की द्राक्षारस ख्रिस्ताचं रक्त आणि पाणी म्हणजे लोक. एकदा मिसळले की वेगळे करता येत नाहीत. इतरांना त्यात भाल्याची जखम दिसली. तुम्ही कुठल्याही मंडळीचे असा, एकदा पुढे बसून तो थेंब पडताना बघा, आणि घरी येऊन १९:३४ पुन्हा वाचा. पेन्सिल कुठली घ्यायची ते तेव्हा ठरवा.